सतरा नंबरचा आजचा श्वास

बाळांनो, आधी एक काम करा. हात छातीवर ठेवा, मधोमध, किंचित डावीकडे. काही लागत नसेल तर उठा, एक जिना धावत चढून या आणि मग ठेवा. घाई नाही, गोष्ट कुठे पळून जात नाही.

आता लागत असेल. तुम्ही धावलात आणि आतलंही धावायला लागलं. दाराआडून कोणी ‘भॉ’ केलं तरी हेच होतं. किंचाळी तोंडाबाहेर पडायच्या आत छाती धडधडायला लागते. मेंदूपासून हृदयापर्यंत बारीक बारीक तारा गेलेल्या असतात आणि भीतीची बातमी त्या तारांवरून पापणी लवायच्या आत पोहोचते.

आता कल्पना करा, की त्या तारा तुटलेल्या आहेत. ‘भॉ’ झालं. तुम्ही किंचाळलात, तळहाताला घाम फुटला, पाय लटपटले. पण छातीत काहीच नाही. आतलं आपलं एका चालीत शांतपणे चाललंय, जणू ते त्या खोलीत नव्हतंच. मग तीन-चार मिनिटं जातात. तुम्ही हसता, पाणी पिता, झालेलं विसरूनही जाता. आणि तेव्हा, सगळं संपल्यावर, छाती धडधडायला लागते.

कोणाला तरी बातमी उशिरा कळली, असं वाटेल की नाही?

या गोष्टीतल्या मुलीला तसंच वाटलं होतं.

ती अकरा वर्षांची होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी ठरतच नसे. पुढे तिच्या फुफ्फुसांना आजार झाला, त्याने हृदयही दमवलं, आणि भिंगरी पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढीच फिरू लागली. नाव मात्र कोणी बदललं नाही. नवव्या वर्षी डॉक्टरांनी तिला दुसऱ्या कोणाचं तरी हृदय आणि त्याच माणसाची दोन्ही फुफ्फुसं बसवली. ते माणूस कोण, लहान की मोठं, मुलगा की मुलगी, हे सांगायचं नसतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की ते माणूस आता नाही.

शस्त्रक्रियेत रक्ताच्या नळ्या जोडता येतात, श्वासाची नळी जोडता येते. त्या बारीक तारा काही जोडता येत नाहीत. म्हणून भीतीची बातमी हृदयाकडे रक्तातून वाहत जाते, आणि ती वाट लांबची. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी हे तिला चित्र काढून समजावलं होतं. तिला समजलंही होतं. पण समजणं वेगळं आणि भीती न वाटणं वेगळं. पलंगाखाली कोणी नसतं हे आपल्याला समजत नाही का? तरी पाय खाली सोडवत नाही.

फुफ्फुसांचंही तसंच होतं. तुमच्या छातीत काही बिघडलं तर खोकला येतो, जड वाटतं. तिला सुरुवातीला काहीच कळणार नव्हतं. आणि बिघडण्याची धास्ती तर कायमची. शरीर फार संशयी असतं. दिलेल्या फुफ्फुसांना ते ‘ही आपली नव्हेत’ म्हणून ओळखतं आणि गुपचूप त्यांच्याशी भांडण काढतं. ते भांडण लवकर पकडलं तर औषधाने मिटवता येतं. उशिरा पकडलं, तर गेलेला श्वास परत मिळत नाही.

म्हणून रोज सकाळी सात वाजता तिने एका यंत्रात फुंकायचं असे. मुठीएवढं पांढरं यंत्र, त्याला पुढे पुठ्ठ्याची नळी. छातीभर श्वास घ्यायचा आणि सगळं बळ लावून फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडली तो आकडा यंत्र दाखवायचं आणि आपोआप रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर पाठवायचं.

“छातीला कळायच्या आधी आकड्याला कळतं,” डॉक्टरीणबाई म्हणायच्या.

चौथ्या मजल्यावर संशोधन चालायचं. हृदय आणि फुफ्फुसं बदललेली माणसं पुढे किती वर्षं जगतात, कशी जगतात, कोणाचं कधी आणि कशाने बिघडतं, याचं. साठ माणसं आपापल्या घरी फुंकायची आणि त्यांचे आकडे तिथे गोळा व्हायचे. प्रत्येकाला एक नंबर होता. भिंगरी एकोणचाळीस.

तर झालं असं. एका दुपारी दादाने दाराआडून ‘भॉ’ केलं. ती किंचाळली, मग दोघं पोट धरून हसले. ती पाणी पिऊन आली, चित्रात रंग भरायला बसली, आणि तेव्हा तिची छाती धडधडू लागली. तिने दादाचा हात ओढून छातीवर ठेवला.

“अगं, आत्ता?” दादा म्हणाला. “तुझ्या आतल्याला पत्राने कळवावं लागतं की काय?”

तो थट्टेत बोलला आणि विसरला. तिच्या मनात मात्र तो एक शब्द राहिला. आतला.

दुसऱ्या दिवशी फुंकताना तिने नीट लक्ष दिलं. तिचं बळ संपलं, पोट आत गेलं, ओठ नळीवर थरथरले. आणि त्यानंतरही थोडी हवा बाहेर गेली. आपण खोलीतून बाहेर पडावं आणि आपल्या मागून आणखी कोणी निघावं, तशी.

दोन वर्षं संशोधनवाल्यांमध्ये वावरल्यामुळे प्रयोग कसा करतात हे तिला चांगलं माहीत होतं. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते बघायचं. तिने ठरवलं, की मी फुंकायचंच नाही. फुंकणारी मीच असेन तर चौथ्या मजल्यावर आकडा जाणार नाही. आणि गेला, तर...

पुढचं वाक्य तिने मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

सकाळी सात वाजता ती यंत्र चालू करायची. ते ‘टिंग’ करायचं. ती दहा आकडे मोजायची आणि बंद करायची.

“फुंकलंस का गं?” आई आतून विचारायची.

“हो.”

“पोटातून?”

“हो गं आई, पोटातून, पाठीतून, सगळीकडून.”

असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी रुग्णालयात तिची तपासणी होती. तिची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायची. तिने अर्धा दिवस रजा घेतली आणि दोघी निघाल्या. आधी तळमजल्यावर औषधांच्या खिडकीशी रांग लावली. रांगेत पुढे एक वयस्कर बाई उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“भिंगरी ना तू? किती वाढलीस गं!”

त्या काकू होत्या, घड्याळकाकांच्या पत्नी. घड्याळकाका म्हणजे हातघड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबाच, पण ‘आजोबा म्हटलंस तर बोलणार नाही’ असा त्यांचा दम होता. तपासणीच्या रांगेत ते नेहमी भिंगरीशेजारी बसायचे. “मी सतरा, तू एकोणचाळीस. आपण दोघं मिळून छप्पन! या दवाखान्यात छप्पन नंबर आपल्याला घाबरतो,” असं काहीतरी बोलून ते तिला हसवायचे.

“काका आले नाहीत?” भिंगरीने विचारलं.

काकूंनी आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“ते गेले, बाळा. आज एकवीस दिवस झाले. फार त्रास नाही झाला. मी उरलेली औषधं परत द्यायला आले होते.” मग त्यांनी पिशवीतून आणखी एक छोटी कापडी पिशवी काढली आणि आईपुढे धरली. “हे त्यांचं फुंकायचं यंत्र. चौथ्या मजल्यावर द्या म्हणतात, आणि माझे गुडघे काही आज वर यायला तयार नाहीत. तुम्ही वर जाताय, तर तेवढं द्याल का?”

“देते की,” आई म्हणाली. तिने काकूंचा हात हातात घेतला. औषधांचा पुडा घ्यायला हात मोकळा हवा म्हणून तिने ती पिशवी भिंगरीकडे दिली.

चौथ्या मजल्यावर लांब, उजळ बोळ होता आणि त्याच्या टोकाला ती खोली. खोलीत दोन टेबलं, एक फोन, भिंतभर एक नवा कोरा पडदा, आणि कसला तरी सतत घुमणारा बारीक आवाज. पडद्यावर साठ रेघा होत्या. प्रत्येक रेघेला डावीकडे नंबर, आणि रोजच्या आकड्याचा एक ठिपका.

एका टेबलाशी फोनवाल्या मावशी बसायच्या. त्या परिचारिका होत्या, पण आता त्यांचं काम घरोघरी फोन करून ‘कसं वाटतंय, औषध घेतलंत का, आकडा का घसरला’ हे विचारायचं होतं. दुसऱ्या टेबलाशी आकडेकाका. ते सगळं गणित बघायचे. त्यांच्या डोळ्यांवर एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा असायचा.

“अगं बाई, माझी एकोणचाळीस आली!” मावशी म्हणाल्या. “पण आज कशाला आलात तुम्ही? काल फोन केला होता मी, कोणी उचललाच नाही. हिची तपासणी पुढे ढकलली आहे. सहा आठवड्यांनी या.”

“का? काही...” आईचा आवाज बारीक झाला.

“अहो, चांगलं म्हणून! बघा ना रेघ. सुताने आखल्यासारखी. ज्यांच्या रेघा डुगडुगतायत त्यांना आम्ही आधी बोलावतो. गुणी माणसांना सुट्टी.”

आईने डोळे मिटले आणि उघडले. मग ती हसली. तिला इतकं मोकळं हसताना भिंगरीने बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. “ह्यांना कळवते,” असं म्हणून ती बाबांना फोन करायला बाहेर बोळात गेली.

भिंगरी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि पडद्यावर आपली रेघ शोधू लागली. एकोणचाळीस. सुरुवातीला रेघ वर-खाली, वर-खाली, तिची नेहमीचीच. मग शेवटचे ठिपके. तिने बोटाने हवेत मोजले. आजचा धरून नऊ दिवसांचे नऊ. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात आकडा होता. १.६२, १.६२, १.६२. वेळ, सकाळी सात.

तिने फुंकलं नव्हतं. कोणीतरी फुंकलं होतं.

खोलीतला बारीक आवाज घुमत राहिला. मावशी फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या, “अहो, पथ्य म्हणजे पथ्य, त्याला रविवार नसतो.” भिंगरीची नजर आपोआप वर सरकली. अडतीस, तीस, पंचवीस, सतरा.

सतराची रेघ काही दिवस खाली उतरत आली होती आणि मग सरळ झाली होती. सरळ, अगदी सरळ, पडद्याच्या कडेपर्यंत. शेवटचा ठिपका आजचा होता. १.९४. सकाळी सात.

तिच्या मांडीवरच्या पिशवीत घड्याळकाकांचं यंत्र होतं. ते कापडातून तिच्या गुडघ्याला गार लागत होतं.

“मावशी,” ती म्हणाली. “सतरा नंबरने आज फुंकलं?”

मावशींनी फोनवर हात ठेवून पडद्याकडे पाहिलं. “फुंकलं की. मध्ये जरा घसरले होते, मी फोन करणारच होते, पण सावरले आपले आपण. तीन आठवडे एक आकडा इकडचा तिकडे नाही. शिक तू त्यांच्याकडून!” आणि पुन्हा फोनमध्ये, “हां, तर काय म्हणत होते मी...”

तिच्या तळहातांना घाम फुटला होता, जीभ टाळ्याला चिकटली होती. छातीत मात्र सगळं शांत. टिक, टिक, टिक. जणू आतल्याला हे आधीपासूनच माहीत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण बघा, काकांबद्दल बोलायचं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. तुझ्या रेघेचं काय? आणि त्याचं उत्तर म्हणजे आईशी नऊ वेळा बोललेलं खोटं. त्याहून वाईट म्हणजे, तोंडाने सांगितलं की ते खरं होणार होतं. मेलेली माणसं सकाळी सातला फुंकतात. काकाही, आणि तिच्या आत जे कोणी आहे तेही. नाही सांगितलं, तर सहा आठवडे सुट्टी. घरी जायचं, चित्रं रंगवायची. आई हसतेय. कशाला?

आई परत आली. तिने भिंगरीच्या मांडीवरची पिशवी उचलून मावशींच्या टेबलावर ठेवली. “हे यंत्र परत द्यायला सांगितलंय खाली एकांनी.” मावशींनी फोनवर बोलता बोलताच मान हलवली आणि पिशवी न बघता ‘परत आलेली’ असं लिहिलेल्या टोपलीत टाकली.

“चल,” आई म्हणाली. “बाबा म्हणाले, आज तू म्हणशील ते.”

त्या बोळातून चालत उद्वाहनाशी आल्या. आईने बटण दाबलं. वरच्या काचेत आकडे बदलत होते. एक. दोन. आणि तिसरा आकडा उजळायच्या सुमाराला भिंगरीच्या छातीत पहिला ठोका जोरात पडला. मग दुसरा. मग इतक्या वेगाने, की तिला भिंतीला टेकावं लागलं. आत जे कोणी होतं, त्याला बातमी आता पोहोचली होती, आणि ते शांत नव्हतं. आतून दार वाजवावं तसं ते वाजवत होतं.

दार उघडलं. आत दोन माणसं होती. “येताय ना?” एकाने विचारलं.

“आई, मी फुंकलं नाही.”

“आज राहिलं का? मग घरी जाऊन फुंक, त्यात काय.”

“आज नाही. काल नाही. नऊ दिवस नाही.”

उद्वाहनाचं दार मिटलं.

“मी नुसतं चालू करून बंद करत होते. तरी तिथे ठिपके आहेत, आई. माझे नऊ आहेत. आणि घड्याळकाका सतरा नंबर. त्यांचा आजचाही आहे. सकाळी सातचा.”

आईचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. तिने भिंगरीचं मनगट घट्ट धरलं.

“माझ्या तोंडावर खोटं बोललीस. नऊ वेळा. त्याचं घरी बघू.”

“आई, पण ते कोण फुंकतंय?”

“चल आधी,” आई म्हणाली, आणि इतक्या झपाझप चालायला लागली की भिंगरीला जवळजवळ धावावं लागलं.

खोलीत शिरताच आईने टोपलीतली पिशवी उचलली आणि ती घेऊन थेट आकडेकाकांच्या टेबलाशी गेली. “हे सतरा नंबरचं यंत्र आहे. ते जाऊन एकवीस दिवस झाले. त्यांच्या बायकोने आत्ता खाली सांगितलं.”

“कोण, सतरा?” आकडेकाका हसतच म्हणाले. “अहो, ते तर...” त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग पिशवीतून यंत्र काढलं आणि उलटं केलं. मागचं झाकण उघडं होतं. आत सेल नव्हता. काकूंनी काढून ठेवला असणार.

मावशींनी फोन खाली ठेवला. पलीकडचं माणूस बोलत होतं तरी ठेवला.

“आणि हिने नऊ दिवस फुंकलेलं नाही,” आई म्हणाली.

आकडेकाकांनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला, मग डोळ्यांवरचाही. बोटांनी त्यांनी नाकाचं हाड दाबलं. मग म्हणाले, “इकडे ये, बाळ. तुला सांगतो. तुलाच आधी सांगायला हवं.”

ती गेली.

“एखादं माणूस एखादा दिवस विसरतं. मग रेघेत भोक पडतं, आणि भोक पडलं की आमचं गणित अडतं. म्हणून मी संगणकाला सांगून ठेवलं होतं, की सातपर्यंत आकडा आला नाही तर कालचाच आज लाव. फक्त दोन दिवस. तिसऱ्या दिवशी थांब आणि आम्हाला सांग. आणि असा उसना ठिपका पोकळ काढ, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हा खरा नाही.”

“माझे पोकळ नाहीत.”

“नाहीत. गेल्या महिन्यात हा पडदा आला. त्याच्यासाठी मी सगळी मांडणी नव्याने केली. पोकळ ठिपके दुरून दिसेनात, म्हणून सगळे भरीव केले. आणि दोन दिवसांची अट...” ते थांबले. “ती लिहायची राहिली. माझ्याकडून.”

“म्हणजे कोणी फुंकलं नाही?”

“कोणी नाही. संगणक कालचाच श्वास पुन्हा पुन्हा लावत होता. काकांचाही.”

“आणि मी म्हणत होते, सावरले,” मावशी हळूच म्हणाल्या. “मी त्यांना फोन नाही केला. रेघ सरळ होती म्हणून.”

बाळांनो, तुम्ही रोज फुंकलंत तर तुमचा आकडा दोन दिवस सलग एकच येणं कठीण. आज झोप कमी, उद्या सर्दी, परवा नुसता कंटाळा. जिवंत श्वास डुगडुगतो. त्या खोलीत हे सगळ्यांना माहीत होतं, दोघांनी तर त्याची पुस्तकं वाचली होती. तरी सरळ रेघ बघून त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की माणूस पुन्हा बघत नाही. जो गप्प झाला तोच तिथे सगळ्यात ठणठणीत दिसत होता.

भिंगरीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण एक गोष्ट उरली होती.

“काका, फुंकून माझं बळ संपल्यावर पण थोडा श्वास बाहेर जातो. तो कोणाचा?”

आकडेकाकांनी तिच्याकडे पाहिलं. हसून टाळता आलं असतं, पण त्यांनी टाळलं नाही.

“ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडे फक्त आकडा येतो.”

मग मावशी उठल्या आणि तिला शेजारच्या खोलीत मोठ्या यंत्राशी घेऊन गेल्या. “तीनदा फुंकायचं. पोटातून. घाबरू नकोस.”

भिंगरीने नळी ओठांत धरली. नऊ दिवसांनी. छातीभर श्वास घेतला आणि फुंकलं. बळ संपलं, पोट आत गेलं. ती मागून येणाऱ्या त्या थोड्याशा हवेची वाट बघत राहिली. ती आली नाही.

१.३१.

दुसऱ्यांदा १.२८. तिसऱ्यांदा पुन्हा १.३१.

तिला काही होत नव्हतं. खोकला नाही, जड नाही, दुखत नाही. आईने आकडा वाचला, वजाबाकी केली आणि खुर्चीचा हात धरला. मावशींनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि थोडक्यात सगळं सांगितलं. मग नुसतं “हो, हो, लगेच” म्हणत राहिल्या.

“आजच दाखल करायचं,” त्या फोन ठेवून म्हणाल्या. “शिरेतून औषध सुरू करणार. बाई म्हणाल्या, उशीर झालाय, पण फार झाला नसावा. नक्की काय ते चार दिवसांनी कळेल.”

“आणि सहा आठवड्यांनी आलो असतो तर?” आईने विचारलं.

मावशी दाखल करायचा कागद भरू लागल्या.

खालून चाकांची खुर्ची यायची होती. तोवर त्या तिघी परत पहिल्या खोलीत आल्या. आकडेकाका कळा दाबत होते. “उसने ठिपके काढतोय,” ते म्हणाले. “सगळ्यांचे.”

पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा उजळला. सतराची रेघ आता मध्येच तुटली होती, आणि पुढे कडेपर्यंत नुसता पांढरा पडदा होता. भिंगरीची तुटली होती आणि मग आजच्या जागी, बरंच खाली, एकटा ठिपका होता. आणखी चार रेघा तुटलेल्या होत्या. सहा दिवस. आठ दिवस. पंधरा. बेचाळीस नंबरची बारा दिवसांची.

मावशींनी बेचाळीसपासून सुरुवात केली. “हा तुझ्याच वयाचा मुलगा आहे,” त्या नंबर फिरवता फिरवता म्हणाल्या. खोली इतकी शांत होती, की पलीकडे वाजणारी घंटा सगळ्यांना ऐकू येत होती. नऊ वेळा वाजली. दहा वेळा. आकडेकाका उभे राहिले. मग कोणीतरी उचललं.

“हो, फुंकतो की रोज,” एका बाईचा आवाज आला. “न चुकता. मी स्वतः ऐकते ना यंत्राचा आवाज. का हो? काही झालं का?”

मावशींनी आईकडे पाहिलं. तेवढ्यात भिंगरीने हात पुढे केला.

“मला द्या.”

मावशींनी फोन तिच्या हातात दिला.

“त्याला बोलवा ना,” भिंगरी म्हणाली. “सांगा, एक मुलगी आहे, रागवायला नाही आली.”

पलीकडे पावलं वाजली, कुजबुज झाली, फोन या हातातून त्या हातात गेला. कोणी ‘हॅलो’ म्हटलं नाही. पण कोणीतरी होतं, कारण फोनला लागून, अगदी जवळ, श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

“यंत्र घेऊन ये,” भिंगरी त्याला म्हणाली. “फोन तसाच धर, आणि फुंक. मला ऐकू येऊ दे.”

दारात शिपाई चाकांची खुर्ची घेऊन उभा राहिला होता. आई पिशव्या गोळा करत होती. भिंगरीने एक बोट वर करून दोघांना थांबवलं, फोन कानावर घट्ट दाबला, आणि ऐकत राहिली.